दोघांची बोट, पाच जणांचं घर

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आईने रांगोळीने दोन बोटी काढल्या. टेप माझ्या हातात होता आणि त्याचं दुसरं टोक दाबून लेक ओणवी बसली होती. पहिली बोट 351 सेंटिमीटर लांब, 76 रुंद. दुसरी 312 लांब, 91 रुंद. रोज तुळशीपुढे चिमूट सोडणारा आईचा हात, त्यामुळे रेघ कुठे तुटली नाही. टोकांना मात्र तिने आपल्या मनाने गोलाई दिली, दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "ही लांबडी दिसायला होडीसारखी आहे. ती दुसरी म्हणजे काथवट."

कागदावर गेले तीन आठवडे मी जे आकडे मांडत होतो, ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

दोन्ही बोटी एकाच कंपनीच्या, इंटेक्सच्या, फुगवायच्या कयाक. हिरवी ती चॅलेंजर के-2, पिवळी ती एक्सप्लोरर के-2. दोन्ही दोघांसाठी, दोन्हींची वजन पेलायची मर्यादा 180 किलो, दोन्ही मिटवल्या की डिकीत मावणाऱ्या. पंप, वल्ही, बसायच्या हवेच्या गाद्या, तळाला लावायचा परासारखा स्केग, सगळं दोन्हींत होतं आणि किमतीतही फार फरक नव्हता. इतक्या सारख्या दोन वस्तूंत निवड करायची तर माणूस सहसा रंगावर येतो. लेक आलीच होती, तिला पिवळी हवी होती. मला हिरवी हवी होती, आणि त्याचं कारण रंग नव्हता.

मुळात बोटीचा विषय आमच्या घरात आला तो 25 जुलै 2024 ला. आदल्या रात्रीपासून पावसाने झड लावली होती, धरणातून पाणी सोडलं होतं, आणि पुण्यात सिंहगड रस्त्याला एकतानगरीत नदीचं पाणी घराघरांत शिरलं. आम्ही तिथून जवळच राहतो, पण उंचावर. आमच्याकडे पाणी आलं नाही. वीज गेली होती. सकाळी खाली जाऊन पाहिलं तर ज्या रस्त्याने लेक शाळेला जाते त्या रस्त्यावर रबरी बोट चालली होती. बोटीत एक आजी बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा आणि डब्यावर दोन्ही हात. लेक तेव्हा नऊ वर्षांची. घरी येऊन तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्याकडे बोट का नाही?"

बाबा गॅलरीत उभे होते. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन पडून राहिले.

1961 च्या जुलैत बाबाही नऊ वर्षांचे होते. तारीख 12. पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण पेठेतला आमचा वाडा मातीच्या भिंतींचा. त्या भिजल्या आणि बसल्या. आजी सगळ्यांना घेऊन वेळेत मंडईजवळ आत्याकडे पोचली होती म्हणून माणसं वाचली. पाणी ओसरल्यावर घरातलं जे काही ओळखू आलं त्यात तांब्याचा बंब होता, गाळाने गच्च भरलेला. तो गाळ आजी चार दिवस खरवडत होती. पुढे कितीतरी पूरग्रस्त कुटुंबांसारखे तेही गोखलेनगरच्या वसाहतीत गेले, तिथेच बाबा वाढले. तो बंब आज आमच्या गॅलरीत आहे, त्यात आईने मोगरा लावलाय.

बाबा पोहायला कधीच शिकले नाहीत. मला मात्र त्यांनी आठव्या वर्षी टँकवर नेऊन घातलं आणि कठड्याजवळ न जाता, लांब पायरीवर बसून पाहत राहिले.

आता माझ्याबद्दल. मी सीओईपीत, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलो आणि चार वर्षांतला बराच वेळ वर्गापेक्षा बोट क्लबवर काढला. संगमाजवळचा तो घाट, सकाळी साडेपाचला खांद्यावर घेतलेली बोट, ओल्या फळ्यांवर सपाता काढून ठेवायची जागा. मार्चमधली रेगाटा, म्हणजे बोटींचा वार्षिक सोहळा, तिथे 1928 पासून चालत आलेली आहे. काठावर माणसांची दाटी, आणि पाण्यावर अंधारात मशाली. नदीला वास यायचा, जलपर्णी वल्ह्यात अडकायची, तरीही एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या बोटीत पहिल्यांदा बसलो ती सकाळ मला अजून हातापायांत आठवते. ती बोट आठ मीटरच्या आसपास लांब, वजन नियमाप्रमाणे कमीत कमी चौदा किलो, आणि रुंदी अशी की माणूस तिच्यात बसतो म्हणण्यापेक्षा तिच्यावर तोलला जातो. श्वास चुकला तरी तिला कळतं. पण दोन्ही वल्ही एका वेळी पाण्यातून सुटली की ती जी सरकते, त्या सरकण्याचा आवाज म्हणजे रेशमी साडीची घडी उलगडताना होतो तसा. दत्तू भोकनळ 2016 ला रिओला याच प्रकारात उतरला आणि तेरावा आला, तेव्हा मी ऑफिसात काम बाजूला ठेवून त्याची शर्यत पाहिली होती. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावातून आलेला हा जवान इथे पुण्यात, लष्कराच्या रोइंग केंद्रात तयार झाला, याचा मला घरच्या माणसासारखा अभिमान आहे.

तर माझ्या मनात बोट म्हणजे लांब आणि निमुळती. म्हणून हिरवी.

आणि आकड्यांत माझी बाजू लंगडी नव्हती. लांब बोट सरळ जाते, दर वल्ह्यागणिक नाक डावी-उजवीकडे फिरवत नाही. तिच्या बाजू 38 सेंटिमीटर उंच, पिवळीच्या 51. बाजू जितकी उंच तितका वारा जास्त पकडते. वरून हिरवीला पुढच्या टोकाला झाकण आहे, त्यामुळे पायांवर पाणी कमी उडतं. वेगाचं म्हणाल तर बोटीचा सहज गाठता येणारा वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने हिरवी सहा टक्के सरस. फुगवायच्या बोटीला हा नियम तंतोतंत लागू होत नाही, तिचा तळ मऊ असतो, पण दिशा तीच.

मग रुंदीचा हिशेब मांडला आणि तिथे मी बराच वेळ अडकलो. बोट एका बाजूला कलली की तिला परत सरळ करणारा जो जोर असतो, तो रुंदीच्या घनावर वाढतो. रुंदी नुसती पंधरा सेंटिमीटरने जास्त, पण 91 भागिले 76 चा घन केला तर 1.7 च्या वर जातो. लांबी कमी असल्यामुळे त्यातलं थोडं जातं, तरी शेवटी पिवळी दीडपट स्थिर निघते. एक वीत रुंदीही नाही ही, आणि दीडपट. मात्र पिवळीत बसायची जागा उंच आहे. माणूस उंच बसला की तोल वर जातो आणि मिळालेल्यातलं काही परत द्यावं लागतं. म्हणजे दीडपट हा कागदावरचा आकडा, पाण्यावर त्याहून कमी. तरी फरक उरतोच.

हे सगळं मी बायकोला एका रात्री ओट्याशी उभं राहून समजावलं. ती दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांची कणीक मळत होती. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दोघांची बोट आहे ना? मग दोघं म्हणजे कोण कोण?"

मी म्हटलं, "आपण. किंवा मी आणि ती."

"आणि आई? बाबा?"

"बाबा बसणार नाहीत."

"ते तू ठरवू नकोस," ती म्हणाली.

तिघांना बसवण्याचा मोह मला झाला होता, हेही सांगून टाकतो. माझं वजन 76, तिचं 58, लेकीचं 31. बेरीज 165, म्हणजे मर्यादेच्या आत. लेक मध्ये बसली असती. पण बोट दोघांसाठी म्हणून बनवली आहे. तिसरा माणूस मध्ये आला की वल्ह्याला जागा राहत नाही, आणि मूल मध्ये बसून हललं की तोल सांभाळणारे दोघंही त्याच्याकडे वळतात. आकड्यात बसतं म्हणून बोटीत बसत नाही. तो विचार मी सोडला.

म्हणजे बोट दोघांची आणि घर पाच जणांचं. लेकीला त्या आठवड्यात शाळेत जोड्या लावायचं गणित होतंच. तिने वहीच्या मागच्या पानावर पाच जणांच्या जोड्या मांडल्या. दहा निघाल्या. मी आणि बायको. मी आणि लेक. मी आणि आई. मी आणि बाबा. बायको आणि लेक. बायको आणि आई. बायको आणि बाबा. लेक आणि आजी. लेक आणि आजोबा. शेवटची, आजी आणि आजोबा. प्रत्येकीपुढे तिने एक चौकट काढली, खूण करायला.

तो कागद मी दोन दिवस खिशात बाळगला. माझ्या डोक्यात बोट म्हणजे पाणी आणि मी, फार तर पुढे बसलेली लेक. या कागदावर तर माझ्याविना सहा जोड्या होत्या. आणि मला जाणवलं की यांतल्या काही जोड्या घरात कधी एकट्या बसतच नाहीत. बायको आणि बाबा. चौदा वर्षं एका छताखाली आहेत, एकमेकांचा मान ठेवून आहेत, पण दोघंच समोरासमोर अर्धा तास कधी बसले असतील? मध्ये नेहमी आई असते, मी असतो, टीव्ही असतो, नाहीतर "चहा ठेवू का?" असतं.

म्हणून ती रांगोळी.

गच्चीवर आधी हिरवीत मी आणि लेक बसलो. झकास. मी पाय लांब करून पुढच्या झाकणाखाली जातील असं धरलं आणि मनातल्या मनात वल्हवूसुद्धा लागलो. मग बायको आणि आई. बायको पटकन बसली. आई रेघेबाहेर उभी राहून विचार करत होती, कारण तिला खाली फरशीलगत बसायचं होतं आणि तिचे गुडघे गेली सहा वर्षं दुखतात. एक हात बायकोच्या खांद्यावर, एक माझ्या मनगटात, असं करत ती बसली. उठताना त्याहून वेळ लागला. पाण्यावर तिला धरायला फरशी नसणार. बोट हलणार.

मग पिवळीत. तिच्यातली बैठक उंच, म्हणून लेकीने खालून घरातले दोन पाट आणले आणि त्यावर गोधडी घडी करून ठेवली. आई पाटावर बसली तशी बसली आणि उठली. "हे जमेल," एवढंच म्हणाली.

बाबा टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपरच्या वरून त्यांचं लक्ष होतं. त्यांना कोणी बोलावलं नाही. बायकोने मला डोळ्यांनीच दटावलं होतं. शेवटी ते आपण होऊन उठले, काठी टेकत आले, दोन्ही आकृत्यांच्या भोवती एकेक फेरी मारली आणि काठी आडवी धरून पिवळीची रुंदी मोजली. काठी रेघेच्या किंचित आत राहिली. मग हिरवीवर धरली. तिथे काठी दोन्हीकडून बाहेर आली.

"माझ्या काठीपेक्षा अरुंद जागेत मी बसणार नाही," ते म्हणाले आणि परत खुर्चीकडे गेले.

बसणार नाही म्हणाले, पण कशात बसणार नाही तेही सांगून गेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. निवड झाली होती.

हिरवीसाठी मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ज्यांच्या घरात दोघंच आहेत, दोघंही पस्तिशीच्या आत आहेत, ज्यांना पाण्यावर अंतर कापायचंय, त्यांनी ती घ्यावी, बिनदिक्कत घ्यावी. ती बोट म्हणून सरस आहे असं मला आजही वाटतं. आमच्या दहा जोड्यांपैकी तीन जोड्या तिच्यात आनंदाने बसल्या असत्या. पिवळीत दहाही बसतात.

बोटीपेक्षा लाइफ जॅकेटांना जास्त दिवस लागले, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. बाजारात 50 न्यूटनची मिळतात (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप), ती पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतात, बस. ज्याला पोहता येत नाही त्याला आणि मुलांना 100 न्यूटनचं हवं, मानेमागे कॉलर असलेलं, पाण्यात पडल्यावर माणसाला उताणं करून तोंड वर ठेवणारं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. दुकानात लेकीला जॅकेट घातलं आणि खांद्यांना धरून वर उचललं. पहिलं जॅकेट सरळ तिच्या कानांपर्यंत आलं. मापाचं म्हणून दिलेलं होतं ते. दुसरं हललं नाही, तिच्यासकट वर आलं. ते घेतलं.

दोरी बोहरी आळीतून आणली. पोहता येणारे घरात आम्ही दोघंच धरतो. लेक शिकते आहे, पण तिच्यावर कोणाची जबाबदारी टाकायची नाही. म्हणून नियम ठरला: आमच्यापैकी एक बोटीत असेल तर बोट मोकळी, नसेल तर काठावरून दोरी. दहांपैकी तीन जोड्या दोरीच्या. दुकानदाराने आधी नायलॉनची काढली. तिला ताकद असते, पण ती पाण्यात बुडते आणि तळाच्या काट्याकुट्यांत गुंतते. मी तरंगणारी मागितली, पॉलिप्रॉपिलिनची. "विहिरीला हवी का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बोटीला. त्याने वीस मीटर मोजली आणि टोक लायटरने वितळवून दाबून दिलं.

जायचं कुठे हा प्रश्न पुण्यात सोपा नाही. खडकवासला आम्हाला सर्वांत जवळचं, पण ते शहराचं पिण्याचं पाणी, एका काठाला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, आणि तिथे बुडालेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. तिथे उतरायचा विचारही केला नाही. पवनेच्या बॅकवॉटरला रीतसर परवानगी असलेलं एक बोटिंग केंद्र एका ओळखीच्यांचं आहे, तिथे त्यांची मोटरबोट आणि माणूस काठावर तयार असतो. आपली बोट आणायला त्यांनी होकार दिला, त्यांनी आखलेल्या हद्दीत.

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे निघालो. पाण्यावर धुकं होतं, समोर तुंग टोपीसारखा वर आलेला, तिकोना अर्धा झाकलेला. ऊन चढल्यावर बोट फुगवली, टणक केली आणि पाण्यात सोडली तर दहा मिनिटांत मऊ पडली. लेक घाबरली, तिला वाटलं भोक पडलं. भोक नव्हतं. पाणी हवेहून गार असलं की आतली हवा आकसते. पुन्हा चार दट्टे मारायचे की झालं. उलटं जास्त धोक्याचं. टणक फुगवलेली बोट दुपारच्या उन्हात काठावर ठेवली आणि आतली हवा पंचवीस अंशांवरून पन्नासला गेली, तर आतला एकूण दाब आठ टक्क्यांनी वाढायला बघतो. आठ म्हणजे काही नाही असं वाटेल. पण असल्या बोटीत बाहेरच्या हवेपेक्षा जो जास्तीचा दाब असतो तो मुळातच इतका थोडा असतो, की त्याच्या मानाने ही वाढ जवळजवळ दुप्पट भरते, आणि शिवण उसवते. म्हणून जेवायला बसलो की आधी बोट सावलीत आणि थोडी हवा सोडलेली. आणि काठावर नीट पाहून टेकवायची. बाभळीच्या काट्याने दुसऱ्याच खेपेला आम्हाला ठिगळ लावायला लावलं. बाजूंचे आणि तळाचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळे एक गेला तरी बोट बुडत नाही, पण त्या वेळी हे आठवून मन शांत ठेवावं लागतं.

त्या पहिल्या दिवशी बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या लाइफ जॅकेट घातलं, सगळे पट्टे आवळले आणि घडीच्या खुर्चीवर पाण्यापासून दहा पावलांवर बसले. दुपारी जेवतानाही त्यांनी ते काढलं नाही. कोणी काही बोललं नाही. हातात घड्याळ होतं. कोणती जोडी किती मिनिटं पाण्यावर राहिली ते त्यांनी लेकीच्या वहीत लिहून ठेवलं. बायको आणि आई, बावीस मिनिटं. त्या दोघी परतल्या तेव्हा बायकोचे डोळे लाल दिसत होते आणि आई तिचा हात धरून उतरली. पाण्यावर काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

पिवळी सरळ चालत नाही, हे खरं. दोन्ही वल्ही एका तालात पडली नाहीत की ती भोवरा धरते. मी आणि बायको पहिल्या खेपेला चांगली दहा मिनिटं चिडलो. मग मी मागे बसलो आणि ठरवलं की तिच्या वल्ह्याकडे पाहून आपलं टाकायचं. जड माणूस मागे आणि पुढच्याचा ताल मागच्याने धरायचा, एवढं जमलं की ती जाते. सावकाश जाते. पण फेब्रुवारीत दुपारी एकदा डोंगरावरून वारा सुटला तेव्हा तिच्या उंच बाजूंनी तो असा धरला की तीनशे मीटर परत यायला आम्हाला अर्धा तास लागला. तेव्हापासून अकराला पाण्याबाहेर. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा येतोच, त्याच्याशी झटापट करायची नाही.

बाबा दुसऱ्या खेपेला बोटीजवळ आले. अर्धी बोट वाळूत, अर्धी पाण्यात, त्यांनी बाजूवर हात ठेवून दाबून पाहिली. तिसऱ्या खेपेला बसले. माझ्याबरोबर नव्हे. "सूनबाई, तू चल," म्हणाले.

मी काठावर दोरी हातात घेऊन उभा होतो, नियमाप्रमाणे तिची गरज नव्हती तरी. बायकोने अगदी हळू बोट बाहेर काढली. दहा-बारा मीटरवर तिने वल्हं आडवं ठेवलं. बाबांचे दोन्ही हात बाजूंना घट्ट होते. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांनी उजवा हात सुटा केला, पाण्यात मनगटापर्यंत घातला, आणि काढला नाही. काय म्हणाले ते मला तिने रात्री सांगितलं.

"हे पाणी आवाज करत नाही," ते म्हणाले होते. "त्या दिवशी आधी आवाज आला होता."

साठ वर्षांवर झाली, आम्ही घरात पूर, वाडा, बंब सगळं ऐकलं होतं. आवाजाचं कधीच नाही. आईलासुद्धा ते माहीत नव्हतं.

मार्चअखेरपर्यंत नऊ चौकटींत खुणा झाल्या. मी आणि बाबा ही जोडी नववी. ते पुढे, मी मागे, बोललो काहीच नाही, त्यांच्या डोक्याच्या मागचा टोपीचा घेर तेवढा दिसत होता आणि त्यांनी वल्हं हातात घेतलं होतं. दहावी एप्रिलमधल्या एका सकाळी. पाणी बरंच मागे गेलं होतं. बोटिंगवाल्यांचा माणूस सांगत होता, आणखी थोडं ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडेल. आई पिवळा काठ असलेली साडी नेसली होती, वर जॅकेट, पदर खोचलेला. बाबा मागे बसले, कारण जड माणूस मागे. दोरी माझ्या हातात होती आणि माझ्या पुढे लेक, तिच्याही मुठीत दोरी.

त्यांनी चार-पाच वल्ही मारली. आई पुढे तोंड करून बसलेली, तिने मागे वळून काहीतरी सांगितलं, बाबा हसले. दोरी पाण्यावर तरंगत सरळ होत गेली आणि माझ्या तळहाताला ओढ लागली. वीस मीटर संपली होती. बोट थांबली. बाबांनी आणखी एक वल्हं मारलं, पुन्हा ओढ लागली, आणि त्यांनी वळून दोरीकडे पाहिलं.

आता पावसाळा आहे. बोट धुऊन, सावलीत वाळवून, पावडर लावून माळ्यावर ठेवली आहे. वर ठेवण्याआधी बाबांनी तिची सगळी ठिगळं बोटाने चाचपून पाहिली. परवा जेवताना त्यांनी विचारलं,

"ती दोरी किती मीटर होती रे?"

"वीस."

"बोहरी आळीत जाशील तेव्हा पन्नासची आण."